उसातल्या रात्रीसाठी बल्ब निवडताना

निफाड तालुक्यात सायखेड्याच्या आसपास ज्या आठवड्यात थ्री फेज रात्रीची असते, त्या आठवड्यात उसाला पाणी द्यायला माणूस बारा-एक वाजता बांधावर उभा असतो. शेतीपंपांना वीज दिवसा आणि रात्री अशी पाळ्यांनी मिळत आली आहे. २०१७ साली सुरू झालेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्यासाठीच आहे, पण ती प्रत्येक फीडरपर्यंत पोचत नाही तोवर रात्रीचं दारं धरणं सुटत नाही. गोदावरीच्या काठाने सायखेडा, चांदोरी, शिंगवे, करंजगाव आणि खाली नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याच्या फुगवट्यापर्यंत ऊस उभा आहे. त्या उसात बिबटे राहतात, तिथेच व्यातात, पिल्लं तिथेच वाढवतात. अशा ठिकाणी हातातली टॉर्च ही हौसेची वस्तू राहत नाही. शंभर पावलांवर काय हललं ते दिसलं पाहिजे, आणि पायाखालचं पाचट कुठलं नि घोणस कुठली हेही कळलं पाहिजे.

दुकानातली दोन-तीन सेलची साधी टॉर्च या कामाला अपुरी पडते, म्हणून हातात कसब असलेले लोक ती स्वतः बांधतात. मोटारसायकलचा जुना हेडलाइट, त्यातला ३५ वॅटचा बल्ब आणि पाठीवरच्या फवारणी पंपातली १२ व्होल्टची बॅटरी. किंवा वडिलांच्या वेळची पितळी टॉर्च उघडून तिच्यात नवे सेल आणि जास्त ताकदीचा बल्ब. ही जोडणी करताना बल्ब बहुतेक वेळा त्यावरचे वॅट पाहून घेतला जातो. माझं म्हणणं असं की वॅटचा आकडा सगळ्यात शेवटी पाहावा. त्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं हवीत: बल्ब जळत असताना त्याच्या पायांशी खरोखर किती व्होल्ट पोचतात, आणि त्यातली तार किती लहान व किती तापलेली आहे. उजेड किती पडेल, किती लांब जाईल आणि बल्ब किती टिकेल, हे सगळं या दोन उत्तरांत येतं.

दोन सेलच्या टॉर्चचा आटे असलेला छोटा बल्ब हातात घेऊन त्याच्या पितळी कॉलरवर कोरलेलं वाचा. तिथे २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअर असं लिहिलेलं असतं. तीन सेलच्या बल्बवर ३.८ व्होल्ट. सेल तर दीड व्होल्टचा, मग दोन सेलचे तीन आणि तीन सेलचे साडेचार व्होल्ट का नाहीत? कारण बल्ब बनवणाऱ्याने सेलच्या आतला अडथळा आधीच हिशोबात धरलेला असतो. साध्या जस्त-कार्बनच्या मोठ्या सेलला स्वतःचा काही दशांश ओहम अंतर्गत रोध असतो. प्रवाह वाहू लागला की व्होल्टेजचा काही भाग सेलच्या पोटातच खर्च होतो, आणि सेल वापरला जाईल तसा हा रोध वाढत जातो. म्हणून दर सेलमागे साधारण सव्वा व्होल्ट धरून बल्ब काढतात. ठिबकच्या मेन लाइनवरचा दाब व्हॉल्व्ह बंद असताना एक दिसतो आणि व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडलं की दुसरा, तसंच हे आहे; बल्बला कामाला येतो तो व्हॉल्व्ह उघडल्यानंतरचा दाब.

हे समजलं की एक नेहमी फसणारा प्रयोग का फसतो ते कळतं. दीड व्होल्टचे आठ सेल एका पाइपात रचले की मीटरवर १२ व्होल्ट दिसतात. त्यावर मोटारसायकलचा ३५ वॅटचा बल्ब लावला तर तो लालसर निखाऱ्यासारखा धुगधुगतो. त्या बल्बला तीन अँपिअरच्या आसपास प्रवाह हवा. आठ सेलचा मिळून रोध तीन ओहम धरला तर तीन अँपिअरला नऊ व्होल्ट आतच संपतील, म्हणजे तेवढा प्रवाह वाहूच शकत नाही. सेल खराब नसतात, बल्बही खराब नसतो, जोडीच चुकलेली असते. त्याच जागी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची सीलबंद शिसं-आम्ल बॅटरी, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तशी, किंवा फवारणी पंपातली तिची बहीण लावली, तर आतला रोध ओहमच्या काही शतांशांइतकाच असतो आणि तीन अँपिअर काढूनही व्होल्टेज जेमतेम दशांशाने उतरतं.

निफाड तालुक्याची थंडी इथे आडवी येते. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचे नीचांकी आकडे हिवाळ्यात राज्यभरच्या बातम्यांत असतात, आणि त्या रात्री द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात. सेलमधली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते आणि अंतर्गत रोध वाढतो. संध्याकाळी घरात पांढरा दिसलेला उजेड पहाटे बांधावर पिवळा पडतो तो बहुधा यामुळे. जस्त-कार्बनचे सेल थंडीला सगळ्यात आधी दबतात. निकेल-मेटल हायड्राइडचे चार्ज होणारे सेल १.२ व्होल्टचे, म्हणजे कागदावर कमी. पण त्यांचा रोध फार थोडा आणि व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट. २.५ व्होल्टच्या बल्बला असे दोन सेल नेमके बसतात. जुन्या पितळी टॉर्चला कुठलीही कारागिरी न करता जास्त उजेड हवा असेल, तर मी आधी हाच बदल सांगेन.

आता व्होल्टेज बदललं की तारेचं काय होतं ते पाहू, कारण सगळा खेळ तिथे आहे. टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, धातूंमध्ये सर्वात उशिरा. बल्बची तार त्याच्या खाली, पण फार खाली नाही, अशा तापमानाला जळत असते. घरातल्या साध्या बल्बची सुमारे २७०० ते २८०० केल्विन, हॅलोजनची ३००० च्या पुढे. व्होल्टेज थोडं वाढवलं तर उजेड त्याच्या प्रमाणात न वाढता साधारण साडेतीनच्या घाताने वाढतो. दहा टक्के जास्त व्होल्टेज म्हणजे सुमारे चाळीस टक्के जास्त उजेड. वाचायला फार छान वाटतं. पण आयुष्य त्याच वेळी बाराव्या-तेराव्या घाताने घटतं. दहा टक्के जास्त व्होल्टेजला बल्ब मूळ आयुष्याच्या एक तृतीयांशही टिकत नाही. वीस टक्के जास्त दिलं तर उजेड जवळपास दुप्पट होतो आणि आयुष्य दहाव्या हिश्शावर येतं. त्याच्याही पुढे गेलात तर एक निळसर चमक आणि अंधार.

यात आणखी एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. घरगुती बल्ब हजार तास जळावा असा बांधलेला असतो, पण टॉर्चचा छोटा बल्ब मुळातच थोड्या तासांसाठी असतो. परदेशी बनावटीच्या, कॉलरवाल्या दोन सेलच्या प्रसिद्ध पीआर२ बल्बचं ठरलेलं आयुष्य पंधरा तासांचं आहे. टॉर्च एका वेळी मिनिटभरच लागते, म्हणून बनवणाऱ्याने आयुष्य विकून उजेड घेतलेला असतो. त्यामुळे ३.८ व्होल्टच्या बल्बला लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधला एक लिथियम-आयन सेल लावणारा माणूस काय करतो ते नीट पाहायला हवं. तो सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट देतो, म्हणजे बल्बच्या आकड्याहून दहा टक्के जास्त. उजेड चांगला मिळतो, आणि मुळातल्या मोजक्या तासांचा पाव हिस्सा उरतो. अंगणात ठीक आहे. उसाच्या सरीत मधोमध असताना हा व्यवहार मला पटत नाही.

गाडीच्या बल्बची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यावर १२ व्होल्ट छापलेलं असलं तरी चालू गाडीत बॅटरी चार्ज होत असते आणि तारेला साडेतेरा-चौदा व्होल्टच्या आसपास मिळतात. आंतरराष्ट्रीय नियमांत या बल्बांची चाचणी १३.२ व्होल्टला होते. कारच्या एच४ बल्बचा हाय बीम त्या व्होल्टेजला सुमारे १६५० ल्युमेन देतो. नेमक्या १२ व्होल्टला तोच सुमारे १२५० वर येतो. म्हणजे फवारणी पंपाच्या बॅटरीवर लावलेला गाडीचा बल्ब पहिल्यापासूनच पाव उजेड गमावून बसलेला असतो, आणि बॅटरी उतरत साडेअकराला आली की आणखी. बदल्यात तो तिपटीहून जास्त टिकतो, तेवढं एक बरं.

ही तूट भरून काढायची तर तीन रस्ते आहेत. पहिला म्हणजे वायर आणि स्विच सुधारणं. टॉर्चच्या पातळ पत्र्याच्या स्विचने ०.२ ओहम रोध घातला तर तीन अँपिअरला ०.६ व्होल्ट तिथेच जातात, पाच टक्के. उजेडात ते पंधरा-सोळा टक्के होतात. अर्ध्या चौरस मिलिमीटरची घरगुती वायर काढून दीडची लावली, जोड नुसते पिळून न ठेवता डाग दिले आणि स्विचचा भार मोटारसायकलच्या रिलेवर टाकला, तर बल्ब न बदलता उजेड वाढतो. दुसरा रस्ता बॅटरी बदलण्याचा. सौर पथदिव्यांमुळे लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३.२ व्होल्टचे जाडे सेल आता सहज मिळतात. चार सेलचा पॅक १२.८ व्होल्टचा, आणि तीन अँपिअरच्या भाराखालीही तो त्याच्या आसपास बराच वेळ टिकून राहतो. गाडीच्या बल्बला गाडीसारखं व्होल्टेज देणारा इतका चांगला जोडीदार दुसरा नाही. सहा अँपिअर-तासांच्या पॅकवर ३५ वॅटचा बल्ब दोन तासांच्या आसपास चालतो, आणि वजन शिसं-आम्लाच्या दोन-सव्वादोन किलोच्या तुलनेत बरंच कमी. शिशाची ७ अँपिअर-तासांची बॅटरी तीन अँपिअरला तिचे सातही देत नाही. तो आकडा वीस तास हळूहळू काढलेल्या प्रवाहाचा असतो. प्रत्यक्षात दीड तास धरा.

तिसरा रस्ता म्हणजे चार लिथियम-आयन सेल एकापुढे एक लावून १६.८ व्होल्ट देणं. उजेड दुपटीच्या वर जातो, पांढरा शुभ्र होतो, आणि बल्बचं आयुष्य मूळच्या पाच टक्क्यांच्याही खाली येतं. दाखवायला तो प्रयोग उत्तम. त्यावर विसंबून रात्री मळ्यात जाऊ नये.

आता दुसरा प्रश्न, तार किती लहान व किती तापलेली याचा, म्हणजेच उजेड लांब जाण्याचा. इथे वॅटचा आकडा सगळ्यात जास्त फसवतो. परावर्तकाच्या, म्हणजे रिफ्लेक्टरच्या केंद्रबिंदूवर तार ठेवली की शलाका समांतर निघते. त्या शलाकेच्या मध्यभागाची तीव्रता ठरते दोन गोष्टींच्या गुणाकारावर: तारेचा पृष्ठभाग किती झळाळतो, आणि रिफ्लेक्टरचं तोंड किती मोठं आहे. त्यात तारेची लांबी येत नाही. तापमान तेच ठेवून ३५ ऐवजी ६० वॅटचा बल्ब लावला, तर जास्त लांब किंवा जाड तारेमुळे उजेडाचा ठिपका रुंद होतो. मध्यभाग पूर्वीइतकाच तेजस्वी राहतो आणि शलाका पूर्वीइतकीच लांब जाते. बॅटरी मात्र जवळपास दुप्पट वेगाने संपते. याउलट पाच सेंटिमीटरच्या रिफ्लेक्टरऐवजी दहाचा घेतला, तर क्षेत्रफळ चौपट, मध्यभागाची तीव्रता चौपट आणि पल्ला दुप्पट, त्याच बल्बवर. अंतर वाढलं की उजेड त्याच्या वर्गाने विरळ होतो, म्हणून पल्ला दुप्पट करायला चौपट तीव्रता लागते. टॉर्चच्या डब्यावर छापलेला पल्ला ०.२५ लक्सला मोजलेला असतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. एवढ्या उजेडात उसाच्या कडेला काही तरी आहे हे कळतं, काय आहे ते कळेलच असं नाही. म्हणून छापील पल्ल्याच्या निम्माच आपला धरावा.

तारेचं तापमान वाढवणं हा पल्ल्याचा दुसरा मार्ग. २८०० केल्विनच्या तारेपेक्षा ३२०० केल्विनच्या तारेचा पृष्ठभाग अडीच ते तीन पट तेजस्वी असतो. पण तापली की तार झिजते: टंगस्टनची वाफ होऊन काचेवर काळी पुटं बसतात आणि तार एका जागी बारीक होत जाते. ही झीज रोखण्याची हुशारी म्हणजे बल्बच्या जातींचा सगळा इतिहास. १९१३ च्या सुमाराला अर्व्हिंग लँगम्यूर यांनी निर्वात बल्बऐवजी वायूने भरलेला बल्ब दिला. वायूच्या कणांनी वाफेला परत ढकललं. वायू जितका जड तितकं हे चांगलं होतं, म्हणून टॉर्चच्या भारी बल्बांत क्रिप्टॉन आणि झेनॉन आले. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकमध्ये हॅलोजन दिवा तयार झाला. त्यातलं आयोडिन किंवा ब्रोमिन उडालेल्या टंगस्टनला काचेवर बसू न देता तारेकडे परत नेतं. त्यासाठी काचेची भिंत अडीचशे अंशांच्या वर तापलेली लागते, म्हणून बल्ब इवलासा आणि क्वार्ट्झचा. हॅलोजन बल्ब फार कमी व्होल्टेजवर जाळला तर हे चक्र नीट फिरत नाही. तो जपला जातो असं समजून निम्म्या व्होल्टेजवर चालवणं त्याच्या फायद्याचं नसतं.

लहान आणि तापलेली तार हवी असेल तर कमी व्होल्टचा बल्ब घ्यावा, ही बाब गाडीच्या दुकानात कळत नाही, पण डोळ्यांच्या दवाखान्यात कळते. डॉक्टर डोळा तपासतात त्या स्लिट लॅम्पमध्ये आणि शाळा-कॉलेजच्या चांगल्या सूक्ष्मदर्शकात ६ व्होल्ट २० वॅटचा दोन पिनांचा हॅलोजन असतो. फिलिप्सचा ७३८८ हा त्यातला माहितीतला नमुना. त्याच वॅटला ६ व्होल्टची तार १२ व्होल्टच्या तारेहून आखूड आणि जाड असते. जाड तार जास्त तापमान सोसते, आखूड तार केंद्रबिंदूवर नेमकी बसते. छापलेलं व्होल्टेज इथे खरं असतं, गाडीच्या बल्बसारखं १३.२ चं छुपं गणित त्यात नाही. ६ व्होल्ट ४.५ अँपिअर-तासांच्या शिशाच्या बॅटरीवर तो नीट चालतो. आयर्न फॉस्फेटचे दोन सेल लावले तर ६.४ व्होल्ट होतात, उजेड पंचवीसेक टक्क्यांनी वाढतो आणि आयुष्य निम्म्याच्या आत येतं. हा सौदा मला परवडणारा वाटतो. फक्त चार्जरवरून नुकत्या काढलेल्या दोन सेलचं ७.२ व्होल्टपर्यंत चढलेलं व्होल्टेज थेट बल्बवर घालू नये, ते थोडा वेळ ठेवलं की आपोआप खाली बसतं. लिथियम-आयनचे दोन सेल तर भरलेले असताना ८.४ व्होल्ट देतात. त्यांच्याशी या बल्बची गाठ घालू नका, तो पहिल्याच क्षणी जातो.

१२ व्होल्ट १०० वॅटचे प्रोजेक्टरचे बल्बही मिळतात आणि हातातल्या टॉर्चमध्ये ते बसवणारे हौशी जगभर आहेत. अमेरिकेत १९७९ साली निघालेल्या मॅगलाइटच्या ॲल्युमिनियमच्या नळीत असे बल्ब घालण्याचं वेड बरीच वर्षं टिकलं. मळ्यासाठी तो बल्ब चुकीचा आहे. आठ अँपिअरहून जास्त प्रवाह, अर्ध्या तासात रिकामी बॅटरी, आणि हातात शंभर वॅटची शेगडी. तारेच्या बल्बात विजेचा बहुतांश भाग उष्णता होऊनच बाहेर पडतो. ३५ वॅटलाही प्लॅस्टिकचा रिफ्लेक्टर मऊ पडून वाकतो. धातूचा रिफ्लेक्टर, पुढे खरी काच आणि चिनी मातीचं सॉकेट याशिवाय वीस वॅटच्या वर जाऊ नये. पेटता हॅलोजन तोंड खाली करून वाळलेल्या पाचटावर टेकवून ठेवणं तर सरळ आगीला बोलावणं आहे. ऊसतोडीच्या दिवसांत हे विसरता कामा नये. क्वार्ट्झच्या काचेला उघडं बोटही लावू नये. घामातल्या क्षारांचा डाग तापल्यावर काचेत मुरतो, तिथे काच पांढुरकी पडते आणि तडकते. लागलंच बोट, तर लावण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावं.

मोटारसायकलच्या एचएस१ बल्बात दोन तारा असतात. टॉर्चसाठी त्यांतली हाय बीमचीच वापरावी. लो बीमच्या तारेखाली पत्र्याची छोटी वाटी असते, समोरच्याच्या डोळ्यांवर जाणारा उजेड अडवायला. आपल्या रिफ्लेक्टरमध्ये ती नुसता अर्धा उजेड गिळते. शिवाय एकाच वेळी दोन्ही तारा केंद्रबिंदूवर असू शकत नाहीत, आणि बल्ब मिलिमीटरभर मागेपुढे झाला तरी शलाकेच्या मध्यभागी काळं भोक पडतं. जोडणी झाली की वीस-पंचवीस पावलांवरच्या भिंतीवर उजेड टाकून बल्ब मागेपुढे सरकवत ठिपका सगळ्यात लहान कुठे होतो ते शोधावं आणि तिथेच पक्का करावा.

बल्ब जातो तो बहुतेक वेळा पेटवण्याच्या क्षणी, यालाही कारण आहे. थंड टंगस्टनचा रोध तापलेल्या टंगस्टनच्या बारा-पंधराव्या हिश्शाइतकाच असतो. ३५ वॅटचा बल्ब जळताना चार ओहमचा, पण थंड असताना ओहमच्या एक तृतीयांशाच्या आसपास. बटण दाबताच सेकंदाच्या लहानशा भागापुरता तीस-चाळीस अँपिअरचा धक्का बसू शकतो. झिजून बारीक झालेली तार तिथेच तुटते, साध्या स्विचचे संपर्क जळतात आणि लिथियम पॅकवरची संरक्षक पट्टी शॉर्ट सर्किट समजून वीजच तोडते. पॅक नवा असूनही बल्ब लागत नाही अशी तक्रार आली तर आधी हा संशय घ्यावा. जास्त प्रवाहाची पट्टी घेणं हा एक उपाय. दुसरा, बल्बच्या ओळीत एनटीसी थर्मिस्टर घालणं: तो थंड असताना धक्का अडवतो, तापला की वाट मोकळी करतो. बदल्यात थोडे व्होल्ट मात्र खातो. टॉर्च वारंवार चालू-बंद करण्यापेक्षा एकदा लावून काही वेळ चालू ठेवणं बल्बच्या तब्येतीला चांगलं.

मग एलईडीच्या जमान्यात हे सगळं कशासाठी? वॅटमागे किती उजेड, हा प्रश्न असेल तर तारेचा बल्ब कधीच हरला आहे. चांगला हॅलोजन वॅटला पंधरा-वीस ल्युमेन देतो, एलईडी शंभराच्या वर. रात्रभर जवळ ठेवायचा दिवा एलईडीचाच असावा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण तारेच्या उजेडात तांबडा, तपकिरी, पिवळा सगळे रंग सलग असतात. स्वस्त निळसर पांढऱ्या एलईडीत तांबड्याचा भाग तुटपुंजा असतो आणि माती, पाचट, सापाची पाठ सगळं एकाच राखी रंगाचं दिसू लागतं. द्राक्षाच्या पानावरचा डाऊनी रोगाचा तेलकट पिवळा डाग रात्री ओळखायला, किंवा घोणशीच्या पाठीवरचे गोल ठिपके मातीवरून उठून दिसायला, तारेचा उजेड उपयोगी पडतो तो यामुळे. दुसरं म्हणजे दुरुस्ती. एलईडीची सीलबंद टॉर्च बिघडली की बहुधा फेकावी लागते; तारेच्या टॉर्चला बल्ब बदलला की ती पुन्हा नवी.

एक समज मात्र खोडून काढला पाहिजे. गोदाकाठी हिवाळ्यात धुकं दाटतं, आणि पिवळा उजेड धुकं भेदतो असं सर्रास सांगितलं जातं. धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठे असतात, त्यामुळे ते पिवळा आणि निळा जवळपास सारखाच विखुरतात. धुक्यात उपयोग होतो तो टॉर्च डोळ्यांपासून दूर, कमरेखाली धरण्याचा. मग परतलेला उजेड कमी त्रास देतो. बिबट्याच्या डोळ्यांसाठी नेमकं उलट करावं लागतं. त्याच्या दृष्टिपटलामागचा चकाकणारा थर उजेड आला त्याच दिशेने परत पाठवतो, म्हणून टॉर्च कानशिलाजवळ धरून पाहिलं तरच ते डोळे चमकताना दिसतात. कमरेशी धरलेल्या जबरदस्त टॉर्चपेक्षा कपाळाशी धरलेली मध्यम टॉर्च इथे जास्त कामाची.

उसाच्या आत शिरल्यावर ताकदीची टॉर्च अडचणच करते. हातभर अंतरावरची पानं उजेड थेट डोळ्यांत फेकतात, बाहुली आक्रसते आणि पानांच्या मागचं काहीच दिसत नाही. सरीत चालायला पाच-सात वॅटपर्यंतचा पसरट उजेड पुरे. बांधावरून लांबवर फिरवायला मोठ्या रिफ्लेक्टरचा, ३५ वॅटच्या आतला बल्ब. एकाच टॉर्चकडून दोन्ही कामं करून घेण्याच्या हट्टापायी लोक जास्त वॅटच्या मागे लागतात.

हे बल्ब यापुढे किती वर्षं मिळतील हा प्रश्न रास्त आहे. नव्या दुचाकी एलईडी हेडलाइट घेऊनच येऊ लागल्या आहेत. पण एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असेपर्यंत जळत राहणं सक्तीचं झालं, आणि त्या पहिल्या वर्षांत विकल्या गेलेल्या असंख्य गाड्यांत हॅलोजनच होते. दिवसाही जळणारे ते बल्ब बदलावे लागतातच, म्हणून गॅरेजवाल्याकडे एचएस१ अजून बरीच वर्षं राहील. २.५ आणि ३.८ व्होल्टच्या छोट्या बल्बांची खात्री मात्र तेवढी देता येत नाही. दिसले तर दोन-चार घेऊन ठेवावेत. जुन्या पितळी टॉर्चपैकी बऱ्याच जणींच्या मागच्या झाकणात, स्प्रिंगच्या आत, एक जादा बल्ब ठेवायची जागा असते. ती रिकामी असेल तर तिथे कापसात गुंडाळून एक बल्ब ठेवा, आणि हेडलाइटची टॉर्च बांधताना तिच्यातही अशी जागा करा.